सार्वमत, नागरिकांचा पुढाकार आणि व्यक्तिस्वातंत्र्य: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागात ‘एकदा सार्वमत घ्या आणि काय ते ठरवा’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून मेळाव्याच्या व्यासपीठापर्यंत ऐकू येते. पण प्रश्न कोण लिहिणार, कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत मते मोजणार आणि कोणती गोष्ट मताला टाकायचीच नाही, हे विचारले की चर्चा अडते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे.

सार्वमत आणि नागरिकांचा पुढाकार यांत फरक काय?

प्रश्न कोण काढतो, हा. सार्वमतात सरकार किंवा संसद प्रश्न ठरवते आणि लोक हो किंवा नाही म्हणतात. नागरिकांच्या पुढाकारात लोकच प्रस्ताव लिहितात, ठरलेल्या मुदतीत सह्या जमवतात आणि तो मतपत्रिकेवर आणतात. स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव आणायचा तर ७ ते २७ जणांची समिती लागते आणि १८ महिन्यांत १ लाख सह्या. संसदेने केलेल्या कायद्यावर मतदान मागायचे असेल तर १०० दिवसांत ५० हजार सह्या पुरतात. घटनेचा प्रस्ताव मंजूर होण्यासाठी देशभरातल्या मतदारांचे बहुमत हवे आणि निम्म्याहून अधिक कँटनांचेही (कँटन म्हणजे तिथले घटकराज्य). 

तिसरा प्रकार म्हणजे निवडून आलेल्याला परत बोलावणे. तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

भारतात अशी सोय आहे का?

राज्यघटनेत नाही. सह्या जमवून कायदा मतपत्रिकेवर आणण्याचा मार्ग ना केंद्रात आहे, ना कर्नाटकात, ना महाराष्ट्रात. अपवाद आहेत, पण ते छोटे आणि विषयापुरते. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर १२ ग्रामसभांपुढे गेला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. ते बळ वनहक्क कायद्यातून आले होते. मागे कायदा नसता, तर तो नकार नुसता ठराव म्हणून फायलीत गेला असता.

मग १९६७ साली गोव्यात कौल कसा घेतला?

त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ चा.

यातून घेण्यासारखे बरेच आहे, आणि सगळे गोड नाही. कौल लोकांच्या सह्यांनी नव्हे, दिल्लीच्या मर्जीने मिळाला. पर्याय दोनच ठेवले. ‘स्वतंत्र घटकराज्य’ हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, आणि गोवा राज्य झाले ते २० वर्षांनी, ३० मे १९८७ ला. आणखी एक: मराठी शाळा, मराठी नाटक, मराठी कीर्तन घरोघरी असलेल्या प्रदेशाने महाराष्ट्रात जायला नकार दिला. भाषा एक म्हणजे मत एक, असे गृहीत धरून कौल मागणाऱ्यांनी हा निकाल एकदा शांतपणे वाचावा.

बेळगावसाठी तसा कौल का घेता येत नाही?

घेता येईल, पण तो संसदेलाच. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ ने संसदेला दिला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक मांडले जाते, संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. मुंबई राज्याच्याच फेररचनेवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हे स्पष्ट केले. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झालेच. या सगळ्या प्रवासात ‘तिथल्या माणसाला विचारा’ अशी पायरी कुठेच नाही. महाराष्ट्राने २००४ साली कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तोही राज्याचा दावा आहे, सीमावासीयाचा नव्हे.

‘खेडे हा घटक’ म्हणजे काय? त्यावर एवढा भर का?

सगळे भांडण इथेच आहे. महाराष्ट्राने पाटसकर सूत्राचा आग्रह धरला. त्याची कलमे चार: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्यातली हद्द या सूत्राने ठरली; १९५९ चा कायदा झाला, १९६० मध्ये गावांची अदलाबदल झाली आणि तिरुत्तणी मद्रासकडे गेले. आपल्याकडे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा आणि तालुका हेच घटक धरले गेले, म्हणून चंदगड तालुका अख्खा सुटून पुढे कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि शेजारची मराठी गावे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिली. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने उचलून धरला. महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावातला आकडा ८६५ गावांचा आहे.

आता गणित करून पाहा. मते गावागावांत मोजली तर एक उत्तर येते, तालुकावार मोजली तर दुसरे, जिल्हावार मोजली तर तिसरे. आणि कोणी म्हणाले, ‘कर्नाटकाची जमीन आहे, मत सगळ्या कर्नाटकाचे घ्या’, तर? २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६.११ कोटी आहे, मराठी भाषक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मतदान संपायच्या आधी निकाल सांगता येईल. म्हणून घटक न सांगता नुसते ‘सार्वमत घ्या’ म्हणणे म्हणजे समोरच्याच्या हातात कोरा कागद सही करून देणे आहे.

जगात कुठे भाषेच्या सीमेवरची गावे मताने ठरली आहेत का?

हो. स्वित्झर्लंडमधले ज्युरा. जर्मन बहुसंख्येच्या बर्न कँटनमध्ये फ्रेंच बोलणारा हा मुलूख. २३ जून १९७४ ला पहिले मतदान: वेगळे व्हायचे का? हो. मग १९७५ मध्ये ज्या जिल्ह्यांनी नाही म्हटले होते, त्यांना पुन्हा विचारले. दक्षिणेकडचे जिल्हे बर्नमध्येच राहिले. त्यानंतर नव्या हद्दीवरच्या गावांना तिसऱ्यांदा विचारले, तुम्ही इकडे की तिकडे? १९७८ ला देशभर मतदान होऊन १ जानेवारी १९७९ ला ज्युरा कँटन उभे राहिले.

या पद्धतीचे मर्म असे की घटक एकच न धरता तो पायरीपायरीने लहान करत नेला. मोठ्या घटकात हरलेल्याला लहान घटकात पुन्हा संधी मिळाली. तरी सगळे मिटले नाही. मुतिए गाव पुढे ४० वर्षे धुमसत राहिले. २०१७ ला तिथे ज्युराच्या बाजूने निसटता कौल आला, तो गैरप्रकारांमुळे रद्द झाला; मतदारयादीत नावे घुसवल्याचाही आक्षेप होता. २०२१ मध्ये फेरमतदान झाले आणि गाव ज्युरात गेले ते १ जानेवारी २०२६ ला. ‘एकदा सार्वमत घेतले की एका दिवसात निकाल’ असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७४ पासून २०२६ पर्यंतची वर्षे मोजावीत.

दक्षिणेकडचे जिल्हेही फ्रेंच भाषकच होते, पण धर्माने प्रॉटेस्टंट. पुन्हा तेच: भाषा हे एकच परिमाण नसते.

बहुमताने ठरले तर ते सगळ्यांनी मानायलाच हवे ना?

पाण्याची टाकी कुठे बांधायची, हे बहुमताने ठरावे. एखाद्याने घरात कोणती भाषा बोलावी, कोणत्या माध्यमात मूल घालावे, कोणाला पूजावे, हे बहुमताच्या अखत्यारीत येत नाही. थेट लोकशाहीचे सगळ्यांत मोठे दुखणे हेच आहे. स्वित्झर्लंडच्या पुरुष मतदारांनी १९५९ मध्ये बायकांना मताचा हक्क नाकारला. तो मिळाला १९७१ मध्ये. एका छोट्या कँटनने तर त्यानंतरही स्थानिक मतदानात बायकांना घेतले नाही, शेवटी १९९० मध्ये न्यायालयाने भाग पाडले. २००९ ला त्याच देशाने ५७.५ टक्के मतांनी मशिदींच्या नव्या मिनारांवर बंदी घातली, तेव्हा देशभरात असे मिनार होते चार. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क मतपत्रिकेवर काढून घेतला गेला, तो परत मिळाला न्यायालयातून.

अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पाठच हवे. उद्या ‘राज्यात शिक्षण फक्त कन्नडमध्ये’ असा प्रस्ताव मताला आला तर? कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेची, नाहीतर कन्नडची सक्ती केली होती. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती रद्द केली. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि माध्यम निवडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सांगितले. यातली गंमत अशी, की या निकालाने मराठी पालकाला जे कवच दिले, तेच इंग्रजी माध्यमाकडे धावणाऱ्यालाही दिले. मराठी शाळेचा पट घसरला तर त्याचा दोष आता सक्तीवर टाकता येत नाही.

‘आडवी बाटली’ हा नागरिकांचा पुढाकारच ना?

हो, आपल्या मुलखाच्या सर्वांत जवळचा आणि सर्वांत खरा: गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यावर महिलांचे मतदान. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला हा नियम लागू आहे, अलीकडे नाही, कारण तो महाराष्ट्र सरकारचा २००८ चा आदेश आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद.

घोडे अडते ते ‘निम्म्याहून अधिक’ या शब्दांपाशी. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या महिलांच्या. यादीत १,००० नावे असतील तर ५०१ आडव्या बाटल्या हव्यात. ६८० जणी आल्या आणि त्यांतल्या ४९० जणींनी बंदीला कौल दिला, तरी दुकान चालूच. लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या बायका, वारलेल्या आज्या, ही सगळी नावे यादीत राहतात आणि दुकानाच्या बाजूने मोजली जातात. म्हणून जाणती मंडळी सह्यांच्या आधी मतदारयादी साफ करून घेतात: दुबार आणि मयत नावे वगळण्यासाठी नमुना ७ भरून. अनेक आंदोलने हरतात ती मतदानाच्या दिवशी नव्हे, या कंटाळवाण्या कामात.

ज्याला दारू प्यायची आहे त्याच्या स्वातंत्र्याचे काय, असा प्रश्न येतो. रास्त आहे. या नियमाने दुकान बंद होते, माणसाचे घर तपासले जात नाही. ती रेघ जिथे आहे तिथेच राहावी, असे आमचे मत.

कर्नाटकात गावकऱ्यांना स्वतःहून विषय पुढे आणता येतो का?

येतो, आणि फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यानुसार ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. शिवाय ग्रामसभेच्या १० टक्के सदस्यांनी, म्हणजे मतदारांनी, विषय लिहून मागणी केली तर विशेष ग्रामसभा बोलवावी लागते. दोन विशेष सभांमध्ये तीन महिन्यांचे अंतर हवे.

पहिली चूक होते ती आकड्यात. ग्रामसभा म्हणजे तुमचे गाव नव्हे, तर अख्ख्या ग्रामपंचायतीचे मतदार. पंचायतीत तीन-चार गावे असतील आणि यादीत ४,८०० नावे असतील, तर ४८० सह्या लागतात. तुमच्या गावच्या १,५०० मतदारांचे १० टक्के धरून १५० सह्या नेल्या की पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, कागद परत करतो, आणि नियमाने बरोबरच करतो. ४८० हव्यात तर ६०० जमवा. पडताळणीत गळती होते: एकाच हाताच्या सह्या, दोनदा केलेल्या सह्या, यादीत नाव नसलेल्यांच्या सह्या.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणीचा पूर्ण मजकूर छापा. वेगळ्या कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या कशासाठी होत्या, हे नंतर सिद्ध करता येत नाही. रकाने पाच पुरतात: अनुक्रमांक, नाव, मतदारयादीचा भाग आणि त्यातला क्रमांक, सही किंवा अंगठा, तारीख. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. आधार क्रमांक घेऊ नका. त्याची गरज नाही आणि तो सांभाळण्याची जबाबदारी उगाच गळ्यात पडते. विषय एकच ठेवा आणि पंचायतीच्या हातातला ठेवा: नळाचे पाणी, शाळेची खोली, गायरानातले अतिक्रमण. अर्ज पीडीओकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि प्रत तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्याला.

सभेत गणपूर्ती १० टक्के किंवा १०० सदस्य, यांत जो आकडा कमी असेल तो. हजेरीवहीत सही करताना एक काळजी घ्या. काही ठिकाणी हजेरीच्या सह्या आधी होतात आणि ठराव मागून लिहिला जातो, मग हजेरी हीच संमती ठरते. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारा. इतिवृत्त कन्नडमध्ये असेल तर सभा उठण्यापूर्वी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि पुढच्या आठवड्यात प्रमाणित प्रत मागून घ्या.

बेळगाव शहरात ग्रामसभा नाही. तिथे नगरसेवकाला गाठावे लागते.

ग्रामसभेत महाराष्ट्रात जाण्याचा ठराव करता येईल का?

ठराव होईल, पण त्याला कायद्याचे बळ नाही, आणि किंमत मोजावी लागू शकते. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने असा ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. मत मांडण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे. पंचायत किंवा महापालिका ही मात्र राज्याच्या कायद्याने उभी केलेली संस्था, तिचा गळा त्याच कायद्याच्या हातात असतो. ही भूमिका नागरिक म्हणून, सह्यांनिशी मांडलेली बरी.

निवेदन मराठीत दिले तर घ्यावेच लागते का?

हो. कलम ३५० सांगते की गाऱ्हाण्याचे निवारण मागणारे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. खिडकीवर ‘कन्नडमध्ये आणा’ म्हटले तर वाद घालू नका; निवेदनाच्या पहिल्याच ओळीत ‘राज्यघटनेच्या कलम ३५० अन्वये’ असे लिहून आणा. उत्तर मराठीतच मिळेल, अशी हमी मात्र त्या कलमात नाही.

माहिती अधिकाराचे तसे नाही. तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत द्यावा लागतो, म्हणजे कर्नाटकात मराठी चालेलच असे नाही. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक पाचर आहे: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. दोन विषय घातले की अर्ज परत.

लोकसभेकडे याचिका पाठवायची तर ती हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत असेल तर सहीनिशी भाषांतर जोडा. त्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. तो खासदार बेळगावचाच हवा असे नाही.

निवडणूक हेच सार्वमत मानता येणार नाही का?

महाराष्ट्र एकीकरण समितीने अनेक वर्षे तसेच मानले. पण निवडणुकीत रस्ता, जात, उमेदवाराचा स्वभाव, लग्नाला आला की नाही, सगळे एकाच बटणात कोंबलेले असते. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मात्र समितीच्या उमेदवाराला लाखावर मते पडली. यांतला खरा कौल कोणता? सीमाप्रश्न संपला असेही यातून म्हणता येत नाही आणि जोरात आहे असेही नाही.

१९९६ ला बेळगावात ४५६ उमेदवार कशासाठी उभे होते?

सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी. मतपत्रिकेची पुस्तिका झाली. त्या वर्षी तमिळनाडूतल्या मोडकुरिचीत १,०३३ आणि आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते. तिथली दुखणी वेगळी, हत्यार तेच. परिणाम काय? त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये केली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे झाले. आज अनामत २५,००० आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. शंभर जण उभे करायचे तर २५ लाख रुपये पाण्यात घालायची तयारी हवी. यंत्राच्या एका मतदान युनिटवर १६ बटणे असतात आणि नव्या यंत्राला अशी २४ युनिटे जोडता येतात, त्यामुळे ‘यंत्र बंद पाडू’ हेही आता सोपे राहिलेले नाही.

मग नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’?

मोजतात, पण उपयोग नाही. नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो.

सह्यांच्या मोहिमेला पोलिसांची परवानगी लागते का?

घरोघर फिरून सह्या घ्यायला लागत नाही. रस्त्यावर टेबल-मंडप टाकलात तर महापालिकेची आणि पोलिसांची लागते, भोंगा लावलात तर त्याची वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा नाहीच. जमावबंदी असेल तर आदेशाची प्रत मागा. पूर्वीचे कलम १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. आदेश लेखी हवा, त्यात कारणे हवीत आणि तो साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी तो वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. दाद मागायला बेंगळुरूला जावे लागत नाही, उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला आहे.

दुकानाच्या पाटीवर मराठी लिहिणे गुन्हा आहे का?

नाही. २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यवसायाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला हवी आणि कन्नड वर हवी. उरलेल्या ४० टक्क्यांत तुमची भाषा तुमची. माप पाटीच्या क्षेत्रफळाचे आहे: दहा बाय तीन फुटांच्या पाटीवर ३० चौरस फुटांपैकी १२ चौरस फूट. रंगाऱ्याला आधीच खडूने आखून द्या.

आपल्याकडे पुढाकाराचा कायदा झाला तर पैसेवाले तो पळवणार नाहीत का?

पळवू शकतात. कॅलिफोर्नियात १९११ पासून ही सोय आहे. साध्या कायद्यासाठी राज्यपालपदाच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के सह्या, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के, मुदत १८० दिवस. आज तिथे सह्या पैसे देऊन गोळा केल्या जातात, दर सहीमागे दर असतो. २०२० मध्ये ॲपवरच्या टॅक्सी कंपन्यांनी आपल्या चालकांना कामगार न मानण्याचा प्रस्ताव मंजूर करून घेतला, त्यावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. आपल्याकडे साखर, वाळू आणि जमिनीचा पैसा कुठे असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. असा कायदा मागणाऱ्याने देणगीदारांची नावे जाहीर करण्याचे कलम त्याच मसुद्यात घालावे.

जमवलेल्या सह्यांचे कागद पुढे काय करायचे?

मूळ प्रत कार्यालयात गेली की तुमच्याकडे पानागणिक शिक्का मारलेली छायाप्रत हवी. पानांना क्रमांक घाला, ‘एकूण पाने ४१’ असे पहिल्या पानावर अक्षरी लिहा. मागणीचा निकाल लागेपर्यंत प्रत एकाच माणसाकडे ठेवा, आणि ती कोणाकडे आहे हे दुसऱ्या दोघांना माहीत असू द्या. सह्यांची पाने व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या सह्या एका अर्जासाठी दिलेल्या असतात.